खड्डे पडलेला बंपर क्रोमला देण्याआधी

मामांची ॲम्बेसेडर धुळ्याजवळच्या शेतावरच्या गोडाऊनमध्ये बरीच वर्षं उभी होती. एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला युरिया आणि पोटॅशच्या गोण्या. गाडी बाहेर ओढली तेव्हा दहा फुटांवरून बंपर झकास दिसत होता. जवळ गेलो तर देवीचे व्रण असावेत तसा तोंडभर खड्ड्यांचा. गोण्यांकडची बाजू तर पार गेलेली, कारण पोटॅशचं खत म्हणजे एक क्षारच, आणि असले क्षार लोखंडाला सुखानं जगू देत नाहीत. गॅरेजच्या मिस्त्रींनी एकदा बोट फिरवलं आणि निकाल दिला, "भाऊ, हाऊ बंपर भंगारमा दी टाक."

मी दिला नाही. तो आज गाडीवर आहे, पण मधे मी दोनदा तोंडावर आपटलो. तुम्ही पहिल्यांदाच हे करणार असाल तर माझ्या त्या दोन चुका तरी करू नका.

सगळ्यात आधी डोक्यातून रंगाचा विचार काढून टाका. डेंटिंग-पेंटिंगमध्ये खड्डा पुट्टीनं भरतो, प्रायमर मारतो, वर रंग येतो, खाली काय आहे ते कुणी विचारत नाही. क्रोमचं तसं नाही. वर जो चकचकीत थर दिसतो तो क्रोमचा थर मायक्रॉनच्या पाव-अर्ध्या भागाइतका असतो, आणि माणसाचा केसच साधारण सत्तर मायक्रॉन जाड. खालचं निकेल वीस ते चाळीस मायक्रॉन. एवढ्याशा जाडीत खड्डा काय लपणार? उलट आरशासारखी चमक आली की आधी न दिसणारा ओरखडाही उठून दिसतो. शिवाय हे सगळे थर विजेच्या करंटनं चढतात. पुट्टीतून करंट जात नाही, म्हणून पुट्टीवर निकेल बसत नाही. माझी पहिली चूक हीच. दोन दिवस खपून सगळे खड्डे पॉलिस्टर पुट्टीनं भरले, गुळगुळीत केले आणि रुबाबात प्लेटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं नखानं एक कपचा उडवला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला.

खड्डा पडतो तरी कसा

हे समजलं की पुढची निम्मी कामं आपोआप समजतात. क्रोमच्या थराला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, निकेललाही कुठे कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं. पाणी त्यातून खाली लोखंडापर्यंत पोचतं. निकेल आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजायचं काम लोखंडाकडे येतं. म्हणून वरचा थर तसाच राहतो आणि खाली लोखंड खोल खोल पोखरलं जातं. तोंड लहान, पोट मोठं, अगदी मडक्यासारखं. वरून मोहरीएवढा दिसणारा खड्डा आत ज्वारीच्या दाण्याएवढा निघतो, आणि त्याच्या तळाशी काळा, घट्ट गंज बसलेला असतो. आपली सगळी मेहनत त्या तळासाठी. तळ धातूसारखा चमकला नाही तर वर काय भरलं याला अर्थ नाही.

काढणं आणि तपासणं

बंपर काढण्याआधी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ब्रॅकेट, वॉशर, रबर कशावर काय होतं ते चार महिन्यांनी आठवत नाही. बोल्टवर आदल्या रात्री डब्ल्यूडी-फॉर्टी किंवा डिझेल सोडा, सकाळी पाना लावा. तरी हलला नाही तर थोडं तापवा. क्रोमच्या गोल डोक्याच्या बोल्टला पाइप पान्यानं पिळू नका, डोकं सोलपटतं आणि मग तसा बोल्ट शोधत जुन्या बाजारात फिरावं लागतं.

मग पुठ्ठ्याचे साचे करा. बंपरच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना वक्र जसा आहे तसा पुठ्ठ्यावर उतरवून कापून ठेवा. घासता घासता आकार कधी बदलतो ते कळत नाही, हे पुठ्ठे तेव्हा कामाला येतात.

लोहचुंबक लावून बघा. बंपर लोखंडी, पण काही गाड्यांचे ओव्हररायडर (बंपरवरचे उभे तुकडे), हँडल, नावाच्या पट्ट्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. चुंबक चिकटत नसेल तर तो भाग वेगळ्या पिशवीत. त्याला ॲसिड दाखवायचं नाही की टॉर्च लावायचा नाही. चारशे अंशांच्या आतच तो वितळतो. तो भाग अनुभवी माणसाकडेच द्या, आपण इथे लोखंडापुरतंच बोलू.

आता बंपर उलटा करा. मागची बाजू आधी बघायची, कारण मागे प्लेटिंग नाममात्र असतं आणि चिखल तिथेच साठतो. गोणी शिवायच्या दाभणाचं टोक खड्ड्याच्या बरोबर मागे दाबून बघा. आत घुसलं तर तो खड्डा राहिलेला नाही, भोक आहे. अशी दहा-बारा भोकं एका टोकाला निघाली तर मिस्त्रींचं ऐका आणि दुसरा बंपर शोधा. ॲम्बेसेडरची बनावट २०१४ साली थांबली, पद्मिनीची त्याच्याही बऱ्याच आधी. तरी बरा बंपर शोधणाऱ्याला अजून मिळतो.

जुना थर उतरवणं: हे घरी नाही

नेटवर घरगुती ॲसिडनं क्रोम उतरवायचे उपाय भरपूर सापडतील. फरशी धुण्याच्या ॲसिडात क्रोम विरघळतं हे खरं आहे. पण ती वाफ फुप्फुसाला झोंबते, जवळ ठेवलेली सगळी हत्यारं एका रात्रीत गंजतात, आणि उरलेलं पाणी कुठे ओतणार? मोरीत ओतलं की बोअरला लागतं. कॉस्टिकमध्ये उलटा करंट देऊन क्रोम काढायची पद्धत तर आणखी वाईट. त्यातून निघणारा क्रोमियमचा प्रकार कॅन्सरला कारण होतो. ग्राइंडरनं कोरडं क्रोम घासणंही नको, ती धूळ छातीत जाते.

म्हणून पहिली फेरी प्लेटिंगवाल्याकडे. फोनवरच विचारा की तुमच्या टाकीत पूर्ण बंपर बुडतो का. नळ आणि मोटरसायकलचे पार्ट करणाऱ्यांच्या टाक्या लहान असतात. जळगाव-धुळ्यात टाकी पुरली नाही तर नाशिक किंवा संभाजीनगरपर्यंत जावं लागेल हे धरून चला. मी बंपर गोधडीत गुंडाळून एसटीत घातला होता, कंडक्टरनं वर-खाली पाहून लगेजचं तिकीट फाडलं. त्याच्याकडून क्रोम आणि निकेल दोन्ही उतरवून नागडं लोखंड परत आणा. निकेल अर्धवट राहिलं तर त्याच्या कडा पुढे पोपडे होऊन उठतात.

आणि हातात मिळाल्या मिळाल्या तेलाचा हात फिरवा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, माणूस घामानं निथळतो, आणि त्या ओल्या हातानं धरलेल्या लोखंडावर दुसऱ्या दिवशी पाचही बोटांचे तांबूस ठसे उमटलेले असतात. पावसाळ्यात तर तेलाशिवाय एक रात्रही काढू नका.

तळाचा गंज

सगळ्यात सोपं म्हणजे बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं त्याचे कण मारून साफ करणं. जाड वाळूनं करून घेऊ नका. गंज जातो, पण पृष्ठभाग इतका खरबरीत होतो की तो घासण्यात आठवडा जातो. ब्लास्टिंग मिळालं नाही तर धुण्याच्या सोड्याची पद्धत वापरा. ती घरी करता येते, फक्त आधी सगळं क्रोम उतरलेलं हवं.

बंपर लांब, ड्रममध्ये मावत नाही. मी विटांची लांबट कुंडी रचली आणि त्यात शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा अंथरला. आपल्याकडे तो कुणाच्याही शेतावर सापडतो. पाण्यात लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची उणे तार बंपरला, अधिक तार लोखंडी भंगाराच्या पट्ट्यांना. उलटं जोडलं तर बंपरच विरघळायला लागेल, तेव्हा दोनदा बघा. अधिक बाजूला स्टेनलेस स्टील चालणार नाही, त्यातून तोच घातक क्रोमियम सुटतो. बंपर आणि पट्ट्या एकमेकांना चिकटू द्यायच्या नाहीत. बुडबुडे निघतात तो हायड्रोजन, म्हणून हे उघड्यावर करायचं आणि जवळ बिडी पेटवू द्यायची नाही. पाच-सहा तासांनी बाहेर काढून तारेच्या ब्रशनं घासा, धुवा, लगेच कोरडं करा.

तरीही खोल खड्ड्यांच्या तळाशी काळा ठिपका राहतोच. डाय ग्राइंडरला बारीक कार्बाइड बर (कापणारं दातेरी टोक) लावा आणि खड्ड्याचं तोंड थोडं रुंद करा, म्हणजे मडक्याची वाटी होईल. आता बरचं टोक तळापर्यंत पोचतं. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावा. तळ पांढरा, चकचकीत दिसेपर्यंत थांबू नका. काळा कण दिसला की पुन्हा बर. माझ्या बंपरवर असे साठ-सत्तर खड्डे होते आणि एकेकाला तीन-चार मिनिटं लागली. हिशेब तुम्हीच करा. पण वेळ द्यायची खरी जागा हीच.

ठोकणं, जोडणं

चेपलेला भाग आता सरळ करा, आधी नाही, नंतर तर नाहीच. मागे डॉली (आधाराचा लोखंडी ठोकळा), पुढून हलकी हातोडी, बाहेरून आत. दर चार ठोक्यांनी पुठ्ठ्याचा साचा लावून बघा.

भोकं असतील तर आर्गन वेल्डिंग. मागे तांब्याची जाड पट्टी धरायला सांगा; तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि वितळलेलं लोखंड खाली गळून पडत नाही. वेल्डमध्ये बुडबुडा राहता कामा नये. त्यात प्लेटिंगचं ॲसिड अडकतं आणि सहा महिन्यांनी फोड बनून बाहेर येतं. भोक अगदी टाचणीएवढं असेल तर चांदीचा डाग चालतो. जळगावच्या सराफ बाजारात सोनार टाकणखार लावून दागिन्याला देतात तोच प्रकार, फक्त लोखंड जाड असल्यानं उष्णता जास्त लागते. पितळेनं झाळायचं असेल तर नऊशे अंशांच्या घरात तापवावं लागतं आणि पत्रा वाकतो. मी टाळतो.

खड्ड्यांची वाटणी

बारीक मार्करनं खड्ड्यांभोवती गोल काढा. नखाला जेमतेम लागणारे, टाचणीचं डोकं अडकेल असे, आणि त्याहून खोल.

पहिल्या प्रकाराला भरण्याची गरज नाही, घासून जातात. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करा, मग १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीचा आडवा घासला तर पुढचा तिरपा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. फक्त खड्ड्याजवळच घासू नका. चारही बाजूंनी चार-चार बोटं पसरत जा, नाहीतर तिथे बशीसारखा खळगा होतो आणि क्रोम झाल्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागी विहिरीच्या पाण्यासारखं हलतं. दगडाचं ग्राइंडर तर अजिबात नको. आणि पत्रा किती उरलाय ते मधून मधून व्हर्नियरनं बघत जा.

उरलेल्यांसाठी दुसरी फेरी. बंपर प्लेटिंगवाल्याकडे नेऊन तांबं चढवून घ्या. लोखंडावर थेट आम्ली तांबं (ॲसिडच्या टाकीतलं) धरत नाही, नुसता सैल थर बसतो जो पुढे सुटतो. म्हणून आधी सायनाइड बाथमधलं पातळ तांबं द्यावं लागतं, त्यालाच स्ट्राइक म्हणतात. हे त्यांचं काम आणि त्यांचाच धोका, आपण त्या टाकीच्या जवळही जायचं नाही. फक्त "आधी स्ट्राइक दिलाय ना?" एवढं विचारा. प्रश्नावरूनच समोरच्याला कळतं की हा माणूस नुसतं भाव करायला आलेला नाही.

मधल्या खोलीचे खड्डे तांब्यानंच भरतात. जाड तांबं चढवायचं, घरी आणून घासायचं, पुन्हा चढवायचं. दोन-तीनदा. खोल खड्ड्यांना हे परवडत नाही. चांगल्या आम्ली बाथमध्ये तासाला चाळीस-पन्नास मायक्रॉन तांबं बसतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला दहा-बारा तास. आणि करंट कडांवर जास्त जातो, खड्ड्यात कमी. म्हणजे आपल्याला हवं तिथे सगळ्यात उशिरा भरतं.

खोल खड्डा भरताना

इथे माझी दुसरी चूक. पहिल्या वेळी मी नागड्या लोखंडावरच सोल्डर (डाग द्यायचं कथील-शिसं) ओतलं, थंड झालं, घासलं, छान दिसलं. तळाशी ते धरलंच नव्हतं आणि फ्लक्सही (सोल्डर धरावं म्हणून लावायचं रसायन) धुतलं नव्हतं. क्रोम होऊन आलं, दिवाळीपर्यंत सगळं ठीक. पुढच्या पावसाळ्यात ओव्हररायडरच्या खाली हिरवट फोड आला, दाबला तर आतून खारट पाणी.

त्यानंतर हा मार्ग धरला. कल्हईवाला आठवतो का? तांब्याचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, धुराचा भपकारा उठायचा आणि कथील पाण्यासारखं पसरायचं. तांब्याला कथील लगेच धरतं. म्हणून आधी बंपरवर तांब्याचा पातळ थर, मग सोल्डर. खड्ड्यातलं तांबं बारीक पेपरच्या सुरळीनं उजळवा. ब्रशनं फ्लक्स लावा. टॉर्च पुढून मारू नका, मागून फिरवा, सावकाश, एकाच जागी न थांबता. साध्या सोल्डरिंग आयर्ननं हे होत नाही, सगळी उष्णता बंपर पिऊन टाकतो. पुढून साठ-चाळीसची (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) सोल्डर तार खड्ड्याला टेकवून धरा. १९० अंशांच्या आसपास तार एकदम सैल पडते आणि सोल्डर खड्ड्यात स्वतःहून ओढलं जातं, कडेला पसरून चंद्रकोरीसारखं चमकतं. ती चकाकी दिसली की धरलं. गोळा होऊन मोत्यासारखं वर बसलं तर धरलं नाही. पुसा, पुन्हा साफ करा, पुन्हा फ्लक्स. पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईल इतकंच भरा आणि आपोआप थंड होऊ द्या, पाणी मारू नका.

मग गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश. तीन वेळा. नवसागर किंवा कुठलंही क्लोराइडचं फ्लक्स कणभर जरी राहिलं तरी ते माझ्या बंपरवर आला तसाच फोड आणतं.

सोल्डरमध्ये शिसं आहे, तेव्हा खोलीत वारा हवा, हातमोजे हवेत आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही. कोरडं घासून धूळ करू नका, कानस वापरा. बारीक दातांच्या कानशीत सोल्डर भरतं आणि ती घसरायला लागते. आधी तिच्यावर शाळेचा खडू रगडा, मग भरत नाही. शेवटची एक केसभर जाडी राहिली की लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून पाण्यासोबत घासा. नुसत्या हातानं किंवा कापडाच्या बफानं नाही. सोल्डर तांब्याहून खूप मऊ, मऊ गोष्टीनं घासलं की तेच आधी झिजतं आणि जिथे खड्डा होता तिथे पुन्हा खळगा येतो.

आमच्या मिस्त्रींची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटून चार बोटं बंपरवरून सरकवायची. "डोयाले दिसस नई, बोटले लागस." त्यानंतर मी रॉकेलचा फडका फिरवतो. ओलं असेपर्यंत क्रोमसारखी चमक येते, तेवढ्यात ट्यूबलाइटच्या खाली धरून प्रतिबिंबाची रेघ कुठे मोडते ते बघायचं. जिथे मोडते तिथे मार्करचा गोल, आणि पुन्हा ठोकळा.

शेवटची फेरी

शेवटच्या वेळी बंपर द्याल तेव्हा सोल्डर कुठे आहे त्याचा फोटो सोबत द्या आणि तोंडानंही सांगा. त्यांना बजावा, साफ करताना उलटा करंट देऊ नका, सल्फ्युरिकमध्ये जास्त वेळ ठेवू नका. शिसं त्यात पांढुरकं पडतं आणि वरचा थर पकडत नाही. सोल्डरवर पुन्हा तांबं चढवून ते झाकलं जाईपर्यंत निकेलला जायचं नाही. या तांब्यावर मात्र मऊ बफ चालतो. बफिंग झालेलं तांबं प्रत्यक्ष जाऊन बघता आलं तर बघा. आता दिसलेला दोष दहा मिनिटांत जातो, निकेलनंतर दिसला तर सगळं उतरवावं लागतं.

मग निकेल, मग क्रोम. इथे घासाघीस करायची असेल तर क्रोमवर करा, निकेलवर नको. गंज अडवतं ते निकेल, क्रोम फक्त त्याच्या चमकेची राखण करतं. निकेलचा वेळ वाढवून द्या म्हटलं तर काहीजण नाक मुरडतात, त्यांना थोडे पैसे जास्त द्या.

घरी आल्यावर घाईनं गाडीला लावू नका. मागच्या बाजूला प्रायमर आणि काळा रंग मारा, सुकला की कडांना आणि बोल्टच्या भोकांना मेण भरा. ब्रॅकेट आणि बंपरच्या मधे रबराचे वॉशर, बोल्ट स्टेनलेसचे असतील तर त्यांनाही ग्रीस. हे मृगाच्या आधी उरकलं तर बरं. आणि गाडी गोडाऊनमध्ये उभी करायची असेल तर आधी त्या खताच्या गोण्या बाहेर काढा. मामांनी त्या अजून तिथेच ठेवल्यात, पण आता मधे एक ताडपत्री लावली आहे.